पट्टी बदलली, यंत्र सुरू झालं. पण रॅम शाबूत आहे का?

जून-जुलै लागला की यवतमाळ, वाशिम, बुलडाण्याच्या तालुक्यांत सेवा केंद्रांसमोर रांगा लागतात. दाखले, प्रवेश, पीक विमा, शिष्यवृत्ती. नेमका याच दिवसांत केंद्रातला जुना संगणक रेंगाळायला लागतो आणि मालकाला आठवतं की घरच्या बंद पडलेल्या संगणकात चार जीबीची एक रॅम, म्हणजे चालू काम तात्पुरतं साठवणारी स्मृतीची पट्टी, नुसतीच पडून आहे. ती काढायची, यात लावायची. यंत्र सुरू होतं, चारची आठ जीबी दिसते आणि कामाला लागतं.

आठवडाभराने दुरुस्तीवाल्याला फोन जातो. "भाऊ, फॉर्म भरता भरता निळी स्क्रीन येऊन रायली. विंडोज नवी टाकून पाह्यली, तरी तेच."

"रॅम उडाली असंन."

"उडाली असती त चालूच काऊन झाला असता?"

हा सवाल-जवाब विदर्भातल्या कुठल्याही तालुक्याच्या गावी ऐकायला मिळेल, आणि दोघांचंही अर्धंच बरोबर आहे. दुरुस्तीवाला रॅमवर आळ घेतो तेव्हा पुष्कळदा रॅम ठणठणीत असते. दोष स्लॉटचा (पट्टी बसते त्या खोबणीचा), धुळीचा किंवा न जुळणाऱ्या जोडीचा निघतो. मालक मात्र समजतो की यंत्र चालू झालं म्हणजे रॅमही चांगली, आणि हा समज जास्त महागात पडतो. पार खराब झालेली रॅम एक वेळ परवडते, कारण तिच्यावर यंत्र उठतच नाही. घात करते ती जवळजवळ चांगली असलेली रॅम.

असं का होतं हे कळायला रॅमच्या आत डोकवावं लागेल. एक बिट, म्हणजे एक शून्य किंवा एक, साठवायला एक ट्रान्झिस्टर आणि एक कपॅसिटर पुरे होतो, ही कल्पना आयबीएममधल्या रॉबर्ट डेनार्ड यांना १९६६ मध्ये सुचली. १९६८ मध्ये तिचं पेटंट मिळालं आणि आजची रॅमही त्याच तत्त्वावर चालते. कपॅसिटरमध्ये विद्युतभार असला तर एक, नसला तर शून्य. १९७० मध्ये बाजारात आलेल्या इंटेलच्या ११०३ या चिपमध्ये १,०२४ बिट मावत. आज आठ जीबीच्या एका पट्टीवर सुमारे ६,८७२ कोटी कप्पे असतात. एकेका कप्प्यातला भार म्हणजे काही दहा हजार इलेक्ट्रॉन, आणि तेही टिकत नाहीत, सतत गळत असतात. म्हणून रॅमला प्रत्येक कप्पा पुन्हा पुन्हा वाचून परत भरावा लागतो. नेमानुसार दर ६४ मिलिसेकंदांत, म्हणजे सेकंदाला पंधरा-सोळा वेळा, सगळ्या कप्प्यांची ही फेरी पूर्ण व्हावी लागते. चिपचं तापमान ८५ अंशांच्या वर गेलं तर ३२ मिलिसेकंदांतच. उष्णता वाढली की गळती वाढते, आणि साधारण दर दहा अंशांना ती दुपटीच्या आसपास जाते असा ठोकताळा आहे. मे महिन्यात टिनाच्या शेडमध्ये चालणाऱ्या संगणकाशी या ठोकताळ्याचा काय संबंध, ते पुढे येईलच.

इतक्या कोटींतला एखादा कप्पा बिघडला तर काय? काहीच नाही, जोवर तिथे काही महत्त्वाचं ठेवलं जात नाही तोवर. तो कप्पा आज विंडोजच्या गाभ्याच्या वाट्याला आला तर निळी स्क्रीन. उद्या एखाद्या फोटोच्या वाट्याला आला तर फोटोवर एक रंगीत रेघ. परवा कोणाच्या तरी अर्जातल्या खाते क्रमांकाच्या वाट्याला आला, तर कोणाला कळणारसुद्धा नाही.

आता अदलाबदलीत रॅमला नेमकी इजा कशी होते ते पाहू. स्थिर विद्युत, म्हणजे 'स्टॅटिक', हे नाव सगळे घेतात. ते खोटं नाही. आपल्याकडे एप्रिल-मेच्या दुपारी हवेतली आर्द्रता पुष्कळदा वीस टक्क्यांच्याही खाली असते. अशा कोरड्या हवेत प्लॅस्टिकच्या खुर्चीवरून टेरीकॉटचा शर्ट घासत उठलं की अंगावर हजारो व्होल्टचा भार चढतो. माणसाला चटका जाणवतो तो साधारण तीन हजार व्होल्टच्या पुढे; काही नाजूक सर्किटांना मात्र अडीचशे व्होल्टही पुरतात. म्हणजे चिप दगावली तरी बोटाला पत्ता नाही. असं असलं तरी चिपच्या पायांशी संरक्षक सर्किट दिलेली असतात, आणि हाताने काढून लावलेल्या बहुसंख्य रॅमना काही होत नाही. स्टॅटिकची भीती बाळगावी, पण प्रत्येक बिघाड त्याच्या नावावर टाकू नये. (गवताच्या टाट्यांचा कूलर चालू असेल तर खोलीतली हवा दमट राहते आणि स्टॅटिकचा धोका आपोआप कमी होतो. तोच कूलर थेट संगणकावर रोखला की धूळ ओली होऊन धातूवर बसते. कूलर असावा, पण यंत्राकडे तोंड करून नसावा.)

यापेक्षा खरा आणि कमी बोलला जाणारा धोका आहे तो विजेची पिन न काढता रॅम ओढण्याचा. संगणक बंद केला तरी भिंतीवरच्या बोर्डात पिन असेपर्यंत वीजपुरवठ्यातून पाच व्होल्टची एक स्टँडबाय लाईन जिवंत असते. स्लीपमध्ये टाकलेल्या संगणकात तर रॅमला वीज चालूच असते, नाहीतर उघडलेल्या खिडक्या तशाच कशा सापडतील? अशा वेळी पट्टी तिरकी ओढली की नको ते संपर्कबिंदू क्षणभर एकमेकांना टेकतात. म्हणून आधी शटडाऊन, मग पिन काढणं, मग पॉवरचं बटण पाच-दहा सेकंद दाबून उरलेली वीज जिरवणं, मग कॅबिनेटच्या न रंगवलेल्या पत्र्याला हात लावणं, आणि नंतरच पट्टीला हात. धरायची ती कडेने. लॅपटॉप असेल तर ज्यांची बॅटरी निघते त्यांची आधी बॅटरी काढायची.

तिसरं कारण विदर्भाला फार जवळचं आहे. जिनिंगच्या आसपासच्या दुकानातला कॅबिनेट दिवाळीनंतर उघडून पाहा. आत धुळीचा थर नसतो, कापसाची मऊ करडी गादी असते. रॅम काढली की तिच्या जागी मोकळ्या झालेल्या स्लॉटमध्ये हे तंतू पडतात, आणि नवी पट्टी दाबताना दोन संपर्कबिंदूंच्या मध्ये अडकून बसतात. मोबाईलच्या टॉर्चचा उजेड तिरका टाकला तर स्लॉटमधल्या चकचकीत पायांच्या रांगेत एखादा पाय निस्तेज दिसतो, त्यावर केस असावा तसा तंतू. डीडीआर४ या पिढीतल्या रॅमच्या मोठ्या पट्टीला असे २८८ संपर्कबिंदू असतात. त्यातल्या एकाचा संपर्क अर्धवट असला तरी रॅम 'उडाल्या'सारखीच वागते. स्लॉट मऊ कोरड्या ब्रशने साफ करावा. तोंडाने फुंकर मारू नये, थुंकीचे कण जातात. पट्टीचे सोनेरी दात खोडरबराने घासायची आपली देशी रीत आहे आणि तिने यंत्रं चालू होतात हेही खरं. पण त्या सोन्याचा मुलामा एक मायक्रॉनच्याही आत असतो. दर वेळी घासून तो उडवण्यापेक्षा आयसोप्रोपिल अल्कोहोल लावलेला कापूस फिरवून वाळू द्यावा, तेवढ्यात काम होतं.

आणि चौथं, जे बिघाड नसून बिघाडासारखं दिसतं: जोडी न जुळणं. डीडीआर३, डीडीआर४ आणि डीडीआर५ एकमेकांच्या स्लॉटमध्ये बसतच नाहीत, मधली खाच मुद्दाम वेगळ्या जागी दिलेली असते. तरीही जोर लावणारे महाभाग भेटतात. पण एकाच पिढीतही फरक आहेत. साधी डीडीआर३ दीड व्होल्टवर चालते, डीडीआर३एल १.३५ वर. नागपूरला बर्डीवर किंवा ऑनलाईन स्वस्तात मिळणारी सर्व्हरमधून निघालेली रजिस्टर्ड रॅम साध्या संगणकात चालत नाही, दिसायला तीच असली तरी. आठ जीबीच्या काही स्वस्त डीडीआर३ पट्ट्या फक्त एएमडी कंपनीचा प्रोसेसर असलेल्या मदरबोर्डांवर चालतात. वेगवेगळ्या वेगाच्या दोन पट्ट्या एकत्र लावल्या तर दोघींना हळूवाली जेवढं पळेल तेवढंच पळावं लागतं, आणि कधीकधी तेही धड जमत नाही. नव्या बोर्डांवर पट्टी बदलल्यावर पहिल्यांदा सुरू करताना बोर्ड रॅमच्या वेळा जुळवून पाहतो. डीडीआर५ मध्ये याला काही मिनिटं लागू शकतात. तोवर पडदा काळा. घाबरून बटण दाबलं की सगळं पहिल्यापासून.

एवढं सांभाळून पट्टी बसली, यंत्र उठलं. सुरू होताना संगणक रॅम तपासतो, असं पुष्कळांना वाटतं. तो तपासतो ते इतकंच, की पट्टी आहे का, केवढी आहे, तिच्यावरच्या छोट्या माहिती-चिपमध्ये वेग किती लिहिलाय आणि थोडं लिहून-वाचून जमतंय का. काही सेकंदांत ६,८७२ कोटी कप्प्यांची कसून झडती घेणं शक्य नाही, आणि ते त्याचं कामही नाही.

त्यासाठी वेगळं साधन लागतं. मेमटेस्ट८६ हा प्रोग्रॅम ख्रिस ब्रेडी यांनी १९९० च्या दशकात लिहिला. त्यातूनच पुढे मेमटेस्ट८६+ ही मुक्त स्रोत आवृत्ती निघाली. पेन ड्राईव्हवर टाकून संगणक थेट त्यावरून सुरू करायचा. विंडोज आत शिरत नाही, त्यामुळे जवळजवळ सगळी रॅम तपासायला मोकळी मिळते. बायॉसमध्ये, म्हणजे विंडोजच्या आधी उघडणाऱ्या सेटिंगमध्ये, सिक्युअर बूट बंद करावं लागू शकतं. हे झेपत नसेल तर विंडोजमध्येच मेमरी डायग्नोस्टिक आहे. ते सुरू झाल्यावर एफ१ दाबून 'एक्स्टेंडेड' निवडावं, कारण नेहमीची तपासणी वरवरची असते.

तपासणी म्हणजे काय, तर लिहायचं आणि वाचायचं. सगळीकडे शून्य लिहा, परत वाचा. सगळीकडे एक लिहा, परत वाचा. शून्यावरच किंवा एकावरच अडकलेला कप्पा एवढ्यात पकडला जातो. पण सगळे दोष इतके साधे नसतात. ओलिताच्या शेतात एका सरीला पाणी सोडलं आणि मधला वरंबा कच्चा असला तर शेजारची सरीही ओली होते. तसं काही ठिकाणी एका कप्प्यात लिहिलं की शेजारच्याचा भार बदलतो. असा दोष एकट्या कप्प्याला कितीही तपासलं तरी सापडत नाही. त्यासाठी 'मार्च' प्रकारच्या चाचण्या आहेत. आधी सगळीकडे शून्य. मग पहिल्या पत्त्यापासून शेवटच्यापर्यंत जात प्रत्येक ठिकाणी शून्य वाचायचं आणि लगेच एक लिहायचं. पुढच्या फेरीत एक वाचून शून्य लिहायचं. मग हेच शेवटच्या पत्त्यापासून उलट दिशेने. दिशा बदलणं हे या चाचणीचं खरं मर्म आहे, कारण खालचा कप्पा वरच्याला बिघडवतो की वरचा खालच्याला हे एका दिशेच्या फेरीत निसटू शकतं. याच फेऱ्यांत पत्त्यांच्या तारांचे दोषही बाहेर पडतात, म्हणजे दोन वेगळे पत्ते दिले तरी एकाच कप्प्यापाशी पोचणं वगैरे.

शून्य-एकच्या सगळ्याच जुळण्या तपासून टाकल्या तर? फक्त ३०० बिटांच्या जुळण्या मोजल्या तर ९१ अंकी संख्या येते. म्हणून चाचणी लिहिणारा शहाणपणाने निवडक नमुने घेतो: एकाआड एक, सरकता एकटा एक, यादृच्छिक आकडे. काही चाचण्या भरून ठेवून काही मिनिटं नुसत्या थांबतात आणि मग वाचतात, म्हणजे हळूहळू पुसलं जाणारं काही असेल तर ते दिसावं. आणखी एक मेख आहे. प्रोसेसरच्या पोटात कॅश नावाची स्वतःची छोटी, चपळ स्मृती असते. आत्ताच लिहिलेलं लगेच वाचायला मागितलं तर प्रोसेसर ते कॅशमधूनच देऊन टाकतो, रॅमपर्यंत जातच नाही. चाचणीला हे चुकवून खऱ्या कप्प्यापर्यंत पोचावं लागतं. हौसेने लिहिलेले छोटे 'रॅम टेस्टर' इथेच फसतात.

कप्प्यांची एक रांग पुन्हा पुन्हा वाचून ठोकली की तिच्या शेजारच्या रांगा बदलतात का हेही आता पाहिलं जातं. २०१४ मध्ये कार्नेगी मेलन आणि इंटेलच्या संशोधकांनी १२९ डीडीआर३ पट्ट्यांवर हा प्रयोग केला आणि ११० पट्ट्या त्यात नापास झाल्या. त्या पट्ट्या बाजारातल्या, रोजच्या कामाला चांगल्या होत्या. त्यामुळे फक्त या एका 'हॅमर' चाचणीत दोष दिसला तर जुनी रॅम लगेच फेकू नये. बाकी कोणत्याही चाचणीतली एकही चूक मात्र माफ करू नये.

चूक आली की लाल ओळ उमटते. तिच्यात पत्ता असतो, काय अपेक्षित होतं ते असतं आणि काय मिळालं ते असतं. समजा अपेक्षित होतं 'एफएफएफएफएफएफएफएफ' आणि मिळालं 'एफएफएफएफएफएफईएफ'. या अंकनात एफ म्हणजे चार एक, ई म्हणजे तीन एक आणि शेवटी शून्य. म्हणजे बत्तीसांतला एकच बिट घसरला. दर फेरीत तोच पत्ता, तोच बिट घसरत असेल तर कप्पाच गेलाय, खोडरबर घासून तो परत येणार नाही. पत्ते विखुरलेले आणि बिट मात्र नेमका तोच असेल तर संपर्कबिंदूचा संशय घ्यावा, तंतू शोधावा. चुका धो-धो येत असतील, कशाचा कशाला मेळ नसेल, तर वेग किंवा व्होल्टेजची सेटिंग, न जुळणारी जोडी, कधी वीजपुरवठासुद्धा.

पण लाल ओळ दिसली म्हणजे पट्टी खराब, असा निकाल एवढ्यावर देता येत नाही. प्रोसेसरपासून रॅमपर्यंतच्या वाटेवर बिघाड कुठेही असू शकतो. म्हणून एका वेळी एकच पट्टी, एकाच स्लॉटमध्ये. चूक आली तर तीच पट्टी दुसऱ्या स्लॉटमध्ये. चूक पट्टीबरोबर गेली तर पट्टी दोषी. स्लॉटपाशीच राहिली, कुठलीही पट्टी लावली तरी, तर मदरबोर्ड. दोन्ही पट्ट्या एकेकट्या पास होतात आणि एकत्र लावल्या की नापास, हा प्रकार दोन यंत्रांतून जमवलेल्या जोडीत हमखास भेटतो. त्यात दोघींपैकी कोणीच खराब नसते. जमलं तर मूळ यंत्रातही एक फेरी मारावी: तिथे पास आणि इथे नापास असेल तर रॅमवर आळ घेणं चुकीचं.

आता उन्हाळ्याची गोष्ट. मी तर म्हणेन, विदर्भात रॅमची चाचणी सकाळी सात वाजता घेऊच नये. एखादा कप्पा थोडासाच जास्त गळका असेल तर गार वेळी तो ६४ मिलिसेकंद कसाबसा तग धरतो आणि चाचणी पास होतो. दुपारी खोलीत बेचाळीस-त्रेचाळीस अंश, कॅबिनेटच्या आत त्याहून बरंच जास्त. मग तोच कप्पा फेरी यायच्या आत रिकामा होतो. "सकाळी बरोबर चालते, दुपारून नाटकं करते" ही तक्रार खरी असू शकते. चांगली रॅम ८५ अंशांपर्यंत बिनतक्रार चालावी अशीच बनवलेली असते, त्यामुळे दुपारची चाचणी तिच्यावर अन्याय करत नाही. कॅबिनेटचं झाकण लावून, यंत्र रोज जिथे असतं तिथेच ठेवून चाचणी घ्यावी.

अडचण लाईनची. आठ जीबीची एक फेरी यंत्रानुसार तास-दीड तास घेते, जुन्यावर जास्तही, आणि किमान दोन-तीन फेऱ्या व्हायला हव्यात. मध्येच लाईन गेली की मेमटेस्टला काही आठवत नाही, पुन्हा शून्यापासून. इन्व्हर्टरवर चाचणी लावली तर चालते, पण इन्व्हर्टर जुना असेल तर त्यावर आलेली चूक थेट लाईनवर एकदा पडताळून पाहावी.

सगळ्या फेऱ्या पास झाल्या तर रॅम निर्दोष का? त्या वेळी, त्या तापमानाला दोष सापडला नाही, एवढंच म्हणता येतं. काही चुका तर बिघाडाविनाच होतात. १९७८ च्या सुमारास इंटेलच्या टिमोथी मे आणि मरे वुड्स यांनी दाखवून दिलं की चिपच्या सिरॅमिक आवरणातल्या युरेनियम-थोरियमच्या अंशांतून निघणारे अल्फा कण बिट उलटवत होते. आवरणं सुधारली, पण अवकाशातून येणाऱ्या किरणांमुळे तयार होणारे न्यूट्रॉन थांबवता येत नाहीत. २००३ मध्ये बेल्जियममधल्या शारबेक इथे मतमोजणीत एका उमेदवाराला ४,०९६ मतं जादा मिळाली. ४,०९६ म्हणजे दोनाचा बारावा घात, एक बिट शून्याचा एक झाला की नेमका एवढाच फरक पडतो. यंत्रात दुसरा दोष सापडला नाही.

तरी प्रत्येक निळ्या स्क्रीनचं खापर आकाशावर फोडू नये. गूगलच्या सर्व्हरमधल्या रॅमचा मोठा अभ्यास २००९ मध्ये प्रसिद्ध झाला. वर्षभरात आठ टक्क्यांहून जास्त पट्ट्यांत निदान एक चूक सापडली, आणि त्यातल्या बहुतेक चुका योगायोगाच्या नसून पट्टीतल्याच खऱ्या दोषाच्या होत्या. त्याच अभ्यासात तापमानाचा परिणाम फार दिसला नाही. पण तो अभ्यास थंड राखलेल्या डेटा सेंटरमधला. टिनाच्या शेडला तो जसाच्या तसा लावावा असं मला वाटत नाही. सर्व्हरमध्ये या चुका कळल्या कारण तिथे ईसीसी रॅम असते. दर ६४ बिटांमागे ८ जादा बिट ठेवून ती एका बिटाची चूक स्वतः दुरुस्त करते आणि नोंदवतेही. आपल्या साध्या संगणकात ती सोय नाही, म्हणून चूक झाल्याचं कळतच नाही.

खराब पट्टी काढल्यावर काम संपलं असं समजून यंत्र पुन्हा गिऱ्हाइकांसमोर ठेवलं जातं. पण ती लावली त्या दिवसापासून काढेपर्यंत हार्ड डिस्कवर जे जे लिहिलं गेलं ते रॅममधूनच गेलंय. विंडोज त्याच काळात नव्याने टाकली असेल तर ती पुन्हा टाकावी, त्या इन्स्टॉलेशनचा भरवसा नाही. त्या काळात स्कॅन करून ठेवलेले कागद एकेक उघडून पाहावेत, झिप फायली सोडवून पाहाव्यात. झिपमध्ये बेरीज-पडताळणी असते, बिघडलेली असेल तर ती स्वतःच सांगते. एक्सेलच्या याद्या मात्र सांगत नाहीत, त्या कागदाशी ताडाव्या लागतात. आणि पेन ड्राईव्हवरचा बॅकअप त्याच दिवसांतला असेल तर जुन्या बॅकअपवर तो चढवू नये. दोन्ही वेगवेगळ्या फोल्डरमध्ये ठेवावेत, तारखा घालून.